चौदा डोकी बरोबर

ऑपरेटरबाईंना लोक ओळखायचे ते कानाने. मोठ्या इस्पितळाच्या जिन्याखाली बिनखिडकीची एक खोली होती आणि त्या खोलीत, टेलिफोनच्या बोर्डासमोर, बाई एकतीस वर्षं बसल्या. "नमस्कार, इस्पितळ, बोला" हे त्यांचं वाक्य अख्ख्या शहराला पाठ. पण चेहरा? चेहरा बघितला होता कुणी! निरोप समारंभाला बाई नवे कपडे घालून सभागृहात शिरल्या, तर दारातल्या मेट्रनने विचारलं, "आपण कुणाच्या नातेवाईक?"

"अहो, माझाच कार्यक्रम आहे!" बाई म्हणाल्या.

आवाज ऐकल्याबरोबर मेट्रन किंचाळली, "अय्या, तुम्ही होय!" मग टाळ्या झाल्या, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, भाषणं झाली. पण ते "कुणाच्या नातेवाईक" बाईंच्या मनात रुतून बसलं ते बसलंच.

घरी बोलायला होते फक्त मीटरवाले, म्हणजे बाईंचे यजमान. हे पाण्याचे मीटर वाचायचे. तेहतीस वर्षं दारोदार हिंडले, कुत्री चुकवली, खड्ड्यात वाकून आकडे टिपले, आणि निवृत्त झाल्या दिवशी जे खुर्चीत बसले ते जेवणापुरते उठतात. बोलणं म्हणाल तर तेही मीटर लावल्यासारखं. बाईंनी पाच मिनिटं सांगावं आणि यांनी "हं" म्हणावं, असा सगळा संसार. मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. मग बाईंनी काय भिंतीशी बोलायचं?

एक दिवस औषधाच्या दुकानात बाईंनी एक कागद चिकटवलेला पाहिला. डोंगरात पायी हिंडणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दर रविवारी सकाळी मिनीबसने निघायचं, दिवसभर वाटाड्याबरोबर चालायचं, संध्याकाळच्या आत घरी. नवीन माणसाने तीन फेऱ्या पाहुणा म्हणून यायचं. तिसऱ्या फेरीच्या शेवटी कप्तानाने कार्डावर सही केली की तो सभासद. नाही केली, तर रामराम.

"चालायचे पैसे भरणार तू?" मीटरवाले म्हणाले. "मला चालण्याचा पगार मिळायचा."

"तुम्हाला नाही कळायचं."

"आणि तिसऱ्या फेरीला तुला काढतात की नाही बघ. तुझ्या तोंडाचा पट्टा डोंगराला तरी झेपेल का?"

एका दमात एवढं बोलले म्हणजे मीटरवाल्यांची महिन्याची बेगमीच झाली. पण बाईंच्या जिव्हारी लागलं. आता कार्ड मिळवायचंच. कार्ड म्हणजे काय हो, बोटभर पुठ्ठा. पण त्यावर फोटो असतो. बाईंना माणसांत माणूस म्हणून मोजून घ्यायचं होतं, तोंड दिसतंय अशा जागी. एवढीच हौस होती आणि ती फार खोल होती.

मंडळाचा कप्तान पेशाने दातांचा डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडावं पण बोलू नये, ही त्याची आयुष्यभराची सवय. पहिल्याच फेरीत तो बाईंना म्हणाला, "बाई, तुमच्या बोलण्याने पक्षी उडतात."

"उडू द्या की," बाई म्हणाल्या. "पक्षीच ते. बसून काय करणार?"

कप्तानाने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या फेरीत नवे बूट चावले, आणि बाई सगळ्यांच्या मागून पाऊण तासाने, एक पाय ओढत, बसपाशी पोचल्या. कप्तानाने पुन्हा वहीत लिहिलं. परतताना बस हायवेला येऊन फोन लागल्याबरोबर बाईंनी दोन्ही वेळा घरी फोन केला होता, "बसले हो. कुकर लावा." तिकडून "हं" आलं होतं, आणि फोन ठेवला गेला होता.

राहिली तिसरी फेरी. बाईंनी ठरवलं, आज तोंडाला कुलूप आणि पायाला भिंगरी. मोजून चौदा जण होते. कप्तान पुढे, त्याच्या लगोलग मागे बाई. मधे बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी प्लंबर. हा मंडळाचा जुना माणूस, त्याला सगळे शेपूट म्हणायचे. शेपटाचं काम एकच, की आपल्या मागे कुणी राहता कामा नये. तो इतका शांत होता की बाईंना पहिले दोन रविवार तो मुका वाटला होता.

दुपारी बाराच्या सुमाराला वाटेला फाटा आला. मंडळाचा नियम असा, की फाटा आला की कप्तानाच्या मागे जो दुसरा असेल त्याने तिथेच उभं राहायचं. मागून येणाऱ्याला हाताने वाट दाखवायची, आणि शेवटी शेपूट आलं की त्याच्याबरोबर निघायचं. ज्यांना वाट ठाऊक नाही ते असे चुकत नाहीत. दुसऱ्या कोण होत्या? आमच्या बाई! हौसेने पुढे पुढे केलं ना, घ्या आता.

"शेपूट येईपर्यंत हलायचं नाही," कप्तान बोट दाखवून म्हणाला. "इथून हललात तर सहीचं विसरा."

"प्राण गेला तरी हलणार नाही," बाई म्हणाल्या. इस्पितळात बदलीची ऑपरेटर आल्याशिवाय त्या कधी खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. एकदा तर बोर्डाच्या मागून धूर येत होता, तरी उठल्या नाहीत. फोनवरूनच आग विझवणाऱ्यांना बोलावलं आणि तिथेच बसून राहिल्या.

एकेक करून दहा जण पुढे गेले. बाई प्रत्येकाला "उजवीकडे, खाली, सांभाळून" म्हणाल्या. राहिले दोन, प्लंबर आणि बँकेतल्या एक बाई. या बँकबाईंचा गुडघा सकाळपासून कुरकुरत होता. ते काही येईनात.

आता घडलं होतं असं, की मागे बँकबाईंच्या गुडघ्याने साफ संप पुकारला होता. प्लंबरने त्यांना धरून, लाकडाच्या गाड्या जातात त्या सोप्या रस्त्याने, थेट खाली बसकडे नेलं. डोंगरात फोन लागत नव्हता, त्यामुळे कळवणार कुणाला आणि कसं? फाट्याकडे ते दोघं फिरकलेच नाहीत. आणि बाई बसल्या वाट बघत. बसल्या म्हणजे उभ्याच. बसलं तर झुडपाआड दिसणार नाही ना!

साडेबाराला हिरवी टोपी घातलेला एक एकटा गृहस्थ दुसऱ्या वाटेने आला. "शहराकडे जाणारी बस कुठे मिळेल हो?"

सकाळपासून कोंडून ठेवलेली वाफ सुटावी तशा बाई सुटल्या. "हे बघा, उजवीकडे वळा. पुढे आमची माणसं दिसतील, त्यांच्या मागे मागे जा. खाली बस उभी आहे. आणि बुटाची नाडी बांधा, तोंडावर आपटाल."

गृहस्थ आभार मानून गेला. मग शेळ्या घेऊन एक म्हातारा आला, त्याला बाईंनी पुढच्या वळणावर चिखल आहे म्हणून बजावलं. मग नकाशावरून कडाकडा भांडणारं एक नवराबायकोचं जोडपं आलं. बाईंनी दोघांची बाजू ऐकून घेतली, नकाशा उलटा धरलाय हे दाखवून दिलं, आणि दोघांनाही चूक ठरवून वाटेला लावलं. नवरा जाताना म्हणाला, "भीक नको पण कुत्रं आवर," पण तो बायकोला म्हणाला की बाईंना, ते कळलं नाही. दोनपर्यंत त्या फाट्यावर अशी काही वर्दळ झाली की बाईंना जुने दिवस आठवले. फरक एवढाच की ही माणसं समोर दिसत होती.

मग वर्दळ थांबली. अडीच वाजले. बस अडीचला सुटते.

निघावं का? वाट तर सरळ खाली जाते. पण निघालो आणि मागून प्लंबर त्या लंगड्या बाईला घेऊन आला, तर? फाट्यावर कुणी नाही बघून ते डावीकडे गेले, तर? आणि सही? बाई बाटलीतला शेवटचा घोट प्यायल्या आणि उभ्या राहिल्या. तीन वाजले. आता मात्र त्यांना नीट उमगलं. सगळे बसमध्ये बसले असतील. कप्तानाने डोकी मोजली असतील. आणि एक डोकं कमी आहे हे एकाच्याही लक्षात आलेलं नाही. एकतीस वर्षं लोकांनी चेहरा बघितला नाही म्हणून ओळखलं नाही, ते एक समजू शकतं. पण तीन रविवार यांच्या डोळ्यांसमोर घाम गाळला, यांना आपल्या डब्यातलं खाऊ घातलं, तरी आपण नाही हे कळू नये? बाईंना रडू आलं. आसपास कुणी नव्हतं, तेव्हा चांगलं हुंदके देऊन रडल्या, आणि रडतानाही एक डोळा वाटेवर ठेवला.

सव्वापाचला खालून धापा ऐकू आल्या. पुढे कप्तान, लाल झालेला. मागे प्लंबर. आणि त्याच्या मागे, कुणास ठाऊक का, हिरव्या टोपीवाला.

"बाई!" कप्तानाचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही अजून इथेच?"

"शेपूट आलं नव्हतं," बाई म्हणाल्या. मग प्लंबरकडे वळून, "त्यांचा गुडघा कसा आहे?"

"बराय," प्लंबर म्हणाला.

कप्तानाने घाईघाईने खिशातून कार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवून सही ठोकली आणि बाईंच्या हातात कोंबलं. "हे घ्या तुमचं कार्ड. आणि हे बघा, समितीच्या कानावर घालायची काही गरज नाही. माणूस मागे राहिला म्हणजे कप्तानपद जातं हो माझं. अळीमिळी गुपचिळी, काय?"

बाईंनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझी आठवण कुणाला झाली?" त्यांनी विचारलं.

कप्तान दात काढणारा माणूस, पण त्याची स्वतःची दातखीळ बसली. शेवटी बोलला तो प्लंबर. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तसं बोलायचीच नव्हती.

"कुणालाच नाही, बाई. आम्ही दोघं सोप्या रस्त्याने आधीच पोचलो होतो. मला वाटलं, कप्तानाने तुम्हाला आणलं. कप्तानाला वाटलं, मी. त्याने मोजली तर डोकी बरोबर चौदा. बस सुटली."

"चौदा कशी?"

हिरव्या टोपीवाल्याने टोपी काढली. "चौदावं माझं. तुम्हीच म्हणालात, यांच्या मागे जा, बस उभी आहे. बसलो. चहासुद्धा दिला त्यांनी. मला वाटलं, काय चांगली बससेवा आहे!"

म्हणजे बाईंनी आपल्या हाताने, आपल्या तोंडाने, आपल्या जागी दुसरा माणूस पाठवला होता. हात दाखवून अवलक्षण ते हेच. बाईंना हसावं की रडावं कळेना.

"मग परत कसे आलात?"

"हायवेला लागलो आणि कप्तानाला फोन आला," प्लंबर म्हणाला. "तुमच्या मिस्टरांचा. पाहुण्यांच्या घरी आपण नंबर देतो ना, त्यावर. म्हणाले, 'माझी बायको बसली नाहीये.' कप्तान म्हणाला, 'मोजलंय साहेब, चौदा आहेत.' तर ओरडले, 'तुमचं रीडिंग चुकलंय! ती बसमध्ये असती तर मला फोन आला असता. आकडा बरोबर येतो म्हणून मीटर बरोबर असतं का? नावं घेऊन मोजा!' नावं घेतली, तर हे टोपीवाले उभे राहून म्हणाले, 'माझं नाव तुमच्या यादीत कसं असेल?' तेव्हा कळलं."

प्लंबर वर्षभरात बोलला नसेल एवढं बोलून पाणी प्यायला.

उतरायला तासभर लागला. बाई गप्प होत्या, त्यामुळे कप्तान जास्तच घाबरला. तीनदा म्हणाला, "पक्षी उडाले तरी चालतील, बोला काहीतरी." अर्ध्या वाटेवर बाई बोलल्या, "पुढच्या रविवारी शेपूट मी."

"ते काम जुन्या सभासदांचं असतं, बाई."

"मग समितीला विचारते."

"तुम्हीच शेपूट," कप्तान लगेच म्हणाला, आणि प्लंबर पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

खाली बसमधल्या सगळ्यांनी उठून बाईंना पुढची जागा दिली. बँकबाईंनी दोन्ही हात धरून माफी मागितली. हिरव्या टोपीवाला मागे उभा राहिला, बसायला तयारच होईना. हायवे आला, फोन लागला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत पलीकडून उचलला गेला.

"बसले हो," बाई म्हणाल्या.

पलीकडे "हं" आलं नाही. मीटरवाले एकदम सुटलेच. "अगं कुठे होतीस? तीन वाजले, फोन नाही. सव्वातीन झाले, नाही. घर खायला उठलं मला! खुर्चीत बसवेना. दहा वेळा दारापर्यंत गेलो. बूट घातलेत मी, तसाच येणार होतो निघून, पण म्हटलं मधेच तुझा फोन आला तर घ्यायचा कुणी? तुझी ती कटकट नसेल तर मी काय करू गं या घरात? काही खाल्लंस का? पाय दुखतायत का? कार्ड गेलं चुलीत, तू आधी ये."

"कार्ड मिळालं," बाईंनी कसंबसं म्हटलं. मीटरवाले बोलतच राहिले, आणि बाई डोळे पुसत शहर येईपर्यंत ऐकत बसल्या.