मोरपंखीचे डोळे

शुक्रवारी सकाळी निकालबाईंच्या दारात दोन वर्तमानपत्रं पडत. एकात त्यांचं सिनेमाचं सदर असे, दुसऱ्यात मोरपंखीचं. निकालबाई आधी दुसरं उघडत. स्वतःचं लिहिलेलं त्यांना तोंडपाठ असे. पोटात दुखे ते त्या दुसऱ्याने.

निकालबाई हे नाव वाचकांनी ठेवलेलं. नव्या सिनेमांवर त्या लिहीत आणि शेवटी चौकटीत एका ओळीत निकाल देत. जुळ्या भावांच्या मारधाडीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘एक भाऊ पुरला असता.’ जहाजावरच्या लांबलचक प्रेमकथेवर, ‘जहाज मध्यंतरालाच बुडालं असतं तर आणखी एक तारा दिला असता.’ या ओळी दाताच्या डॉक्टरकडे रांगेत बसलेली माणसं एकमेकांना ऐकवत. थिएटरच्या तिकीट-खिडकीवरचा म्हातारा तर त्या दिसल्या की विचारायचाच, “काय बाई, आज पास की नापास?”

खरं तर त्या वर्तमानपत्रात लागल्या होत्या मुद्रितं तपासायला. सिनेमावर लिहिणारा गृहस्थ एका आठवड्यात नोकरी सोडून गेला, दुसरं कुणी मोकळं नव्हतं, आणि संपादकांनी पास त्यांच्या हातात कोंबला. गुरुवारी चार वाजता पत्रकारांसाठी खेळ. लेक तेव्हा बालवाडीत होती, तिला सांभाळायला कुणी नाही, म्हणून तिलाही नेलं. घरी येताना सहज विचारलं, “कुठे कंटाळा आला गं?”

लेक म्हणाली, “ते काका पळत होते ना, ते पळतच होते.”

निकालबाईंनी ते जसंच्या तसं छापलं, आणि लोकांना फार आवडलं. तेव्हापासून दर गुरुवारी शाळा सुटली की लेक दप्तरासकट थिएटरात. मध्यंतराला बाई तिला डब्यातलं भरवत, अंधारात तिच्या कपाळाला हात लावून बघत, गार हवेने खोकला तर नाही ना होणार, आणि रात्रीच्या जेवणाला दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सिनेमाची चिरफाड करत. ताट वाळून जाई. बाईंचा नवरा चष्म्यांचं दुकान चालवायचा, तो भांडी घासता घासता म्हणे, “एवढं तर बनवणाराही बोलला नसेल हो.” निकालाची ओळ त्या टेबलावरच सापडायची. सदर बाईंच्या नावाने छापलं जाई, पण त्याचा अर्धा जीव लेकीच्या जिभेवर होता, आणि बाईंना त्यात उणेपणा नव्हे, श्रीमंती वाटे.

मग लेक कॉलेजात गेली, तिथल्या फिल्म क्लबात शिरली, आणि क्लबाने व्याख्यानाला मोरपंखीला बोलावलं.

मोरपंखी बाईंहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. अंगावर मोरपंखी रंगाचं काहीतरी असणारच. ओढणी नाही तर पिशवी, तेही नाही तर निदान पेनाचं टोपण. थिएटरात तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसे. लिहायची लांब लांब वाक्यं, त्यांत मौन आणि अवकाश फार. व्याख्यान ऐकून लेक घरी आली ती गालावर लाली घेऊनच.

“मॅडम म्हणतात, दिग्दर्शकाने अवकाश सोडायला हवा.”

“आपल्या घरात दोन खोल्या आहेत,” निकालबाई म्हणाल्या. “अवकाश काय तो माळ्यावर बघ.”

लेक हसली नाही. पुढच्या गुरुवारी म्हणाली, “मी नाही येणार. शुक्रवारी तिकीट काढून बघेन, मैत्रिणींबरोबर. मॅडम म्हणतात, फुकटच्या खुर्चीत डोळे आळशी होतात.”

“आणि मॅडम स्वतः कशावर बसतात? स्टूल आणतात का घरून?”

“आई, तू ना!”

झालं. टेबलावरची चिरफाड बंद पडली. आता नाश्त्याला लेक मोरपंखीचं परीक्षण मोठ्याने वाचून दाखवी, आणि निकालबाई चहात साखर दोनदा घालत. लेकीला रात्री मॅडमचे फोन येत. ती पांघरूण घेऊन गॅलरीत बोलत बसे, खळखळून हसे. बाई आतून दाराला कान लावत. मग स्वतःचीच लाज वाटून स्वेटर घेऊन बाहेर जात: “गार आहे, हे घाल.” स्वेटर हे निमित्त. बघायचं असे ते लेकीचं तोंड.

आणि याच सुमाराला निकालबाईंना एक वाईट खोड जडली. थिएटरात त्या पडद्यापेक्षा तिसऱ्या रांगेकडे जास्त बघू लागल्या. मोरपंखी पुढे झुकून बसली की समजायचं, हिला आवडतंय. बाईंनी आपला अर्धा तारा कापलाच. तिने मोबाइल काढला की बाई उगीचच उदार होत. तिच्याहून वेगळं लिहायचं, म्हणजे लेक दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणेल, आईचंच बरोबर. लेक तसं म्हणत नव्हती. उलट एका दंतकथेच्या रटाळ सिनेमाला बाईंनी साडेतीन तारे दिले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तुला बरं नाहीये का?”

मग तो गुरुवार आला. सिनेमा एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा. मुलगी भांडून दूरच्या शहरात राहायला गेलेली, दोघींचं बोलणं बंद, आणि शेवटी आई गाड्या बदलत बदलत तिच्या दाराशी पोचते. सुरुवातीला निकालबाईंनी मन लावून पाहिलं. पण शेवटाकडे त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे वळली, आणि तिथेच खिळली. मोरपंखी डोळे टिपत होती! एकदा, मग पुन्हा. मान मागे टाकत होती, हुंदका आवरल्यासारखी. सिनेमात व्हायोलिनं चढू लागली, आणि त्या चढण्याचा अर्थ बाईंना इतक्या वर्षांत पाठ झालेला होता. पडद्याकडे बघायची गरजच काय! रडते आहे, म्हणजे चार तारे देणार, आणि उद्या माझी लेक ते वाचून तिच्यासारखीच डोळे टिपणार.

घरी येऊन त्यांनी एका झटक्यात लिहून टाकलं. ‘अखेर दार उघडतं, आई-मुलीची ठराविक गळाभेट होते आणि सभागृहात रुमाल निघतात. तारे दोन. निकाल: रुमाल घरीच ठेवा.’

शुक्रवारी सकाळी त्यांनी मोठ्या उत्साहाने दुसरं वर्तमानपत्र उघडलं. मोरपंखीचेही दोनच तारे होते. वर लिहिलं होतं, ‘थंड, कोरडा अनुभव.’

“कोरडा?” निकालबाई ओरडल्याच. “धाय मोकलून रडत होती ही! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!”

नवरा बुटांच्या नाड्या बांधत होता. “रडत नसेल गं. औषध घालत असेल. तिचे डोळे फार कोरडे आहेत, दर थोड्या वेळाने थेंब घालावे लागतात.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“गेल्या महिन्यात आली होती की दुकानात. फ्रेमही घेऊन गेली.”

“आपल्या दुकानात? आणि मला बोलला नाहीत?”

“आता प्रत्येक गिऱ्हाइकाचे डोळे घरी येऊन सांगू का?” तो म्हणाला, आणि पुढचं ऐकायला लागू नये म्हणून अर्ध्याच नाड्या बांधून निघाला.

“मोरपंखीच घेतली असेल फ्रेम!” निकालबाई जिन्यात ओरडल्या.

“निळसर हिरवी!” खालून आवाज आला.

संध्याकाळी लेक सिनेमा बघून आली. चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. डोळे लाल, आणि ते थेंबांनी नव्हते झालेले.

“आई, गळाभेट कुठे आहे त्यात?”

“शेवटी. दार उघडतं तेव्हा.”

“दार उघडतच नाही.”

निकालबाईंनी हातातला डाव खाली ठेवला.

“मॅडमना नाही आवडला,” लेक म्हणाली. “मला ते पटलं नाही, मी भांडेन त्यांच्याशी. पण त्यांनी निदान बघितला तरी आहे. तू बघितलाच नाहीस आई. आणि मैत्रिणींना मी आपली सांगत होते, आईचे तारे चुकतात एखाद्या वेळेस, पण आई बघते नीट.”

“अगं, बस तरी. जेवून घे...”

“भूक नाही.”

खोलीचं दार लागलं. आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. ते हलकेच लागलं.

शनिवारी दुपारी निकालबाई तिकीट-खिडकीशी उभ्या राहिल्या.

“बाई, तुम्ही? पास बंद केले की काय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“एक तिकीट द्या. पुढच्या रांगेतलं कुठलंही.”

“हा तर नापास केलात ना तुम्ही?”

“फेरतपासणी,” निकालबाई म्हणाल्या.

त्या अगदी पुढच्या रांगेत बसल्या. तिथून पडद्याशिवाय दुसरं काही दिसायची सोयच नव्हती. सिनेमातली शिवणवाली जिने चढून मुलीच्या दाराशी आली. हातात स्वतः शिवलेल्या कपड्यांची पिशवी. घंटीकडे हात नेला आणि थांबली. आतून मुलीचं हसणं ऐकू येत होतं, आणि तिच्याबरोबर एका पोक्त बाईचंही. काय बोलतात ते कळत नव्हतं, फक्त हसणं. व्हायोलिनं चढली. हात घंटीशी तसाच राहिला, मग खाली आला. तिने पिशवी कडीला अडकवली, पट्टा नीट केला, पुन्हा एकदा नीट केला, आणि जिना उतरू लागली. जिन्यातला दिवा आपोआप विझला.

निकालबाईंना पडद्यात शिरून ते दार धडाधड वाजवावंसं वाटत होतं. आतली ती बाई कोण? काय म्हणून हसते ती दुसऱ्याच्या लेकीबरोबर?

थिएटरच्या पायऱ्यांवरूनच त्यांनी पुरवणीच्या संपादकांना फोन लावला. “माझ्या परीक्षणात शेवट चुकलाय. दुरुस्ती छापायची आहे, माझ्या नावाखाली.”

“अहो, सोडा हो. शेवटापर्यंत वाचतं कोण? कुणी विचारणार नाही.”

“माझ्या घरात विचारलंय,” निकालबाई म्हणाल्या.

घरी लेक टेबलाशी एकटीच खात बसली होती. बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“ती आतली कोण होती गं?”

“कोण आतली?”

“हसत होती ती! शेजारीण? घरमालकीण? वय काय असेल? माझ्याएवढी की लहान?”

लेकीने घास खाली ठेवला. “तू बघून आलीस?”

“तिकीट काढून. आधी सांग, कोण होती?”

“दाखवलंच नाहीये, आई. तीच तर गंमत आहे.”

“गंमत कसली डोंबलाची! जीव खालीवर झाला माझा.” बाईंनी खुर्ची ओढली. “तुला कंटाळा कुठे आला?”

किती दिवसांनी विचारलं होतं त्यांनी हे. लेक ताट बाजूला सारून कोपरं टेकून बसली.

“ती दुसऱ्यांदा गाडी बदलते ना, तिथे. किती वेळ ती फलाटावर बसते!”

“तिथे? तिथे तर ती पिशवी उघडून टाका बघते. उसवलेला. तिथल्या तिथे शिवून दाताने दोरा तोडते. तुझ्या लक्षात नाही आलं?”

“मी तेव्हा पाणी पीत होते,” लेक म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. “पण तिने घंटी वाजवायला हवी होती. एवढ्या लांब येऊन परत कसली जाते? भित्री कुठली.”

“भित्री नाही, मानी आहे.”

“मानी नाही, जळकी आहे ती!”

“असेना का!” निकालबाई म्हणाल्या. “पिशवी तर ठेवून गेली ना?”

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरला. पडद्यावर ‘मॅडम’. निकालबाईंनी लेकीचा चहाचा कप उचलला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

लेकीने फोन उचलला. “हो मॅडम, मलाही बोलायचंय, मला तो फार आवडलाय... नाही, आत्ता नको. मग करते. आत्ता आईशी बोलतेय.”

ते मोरपंखीला नीट ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. निकालबाईंनी तो कप बशीत जरा जोरातच ठेवला आणि फोनच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, “हां, तर त्या जिन्यातल्या दिव्याचं काय म्हणत होतीस तू?”

लेक त्याबद्दल काहीच म्हणाली नव्हती. तिने फोन बंद केला, आईकडे बघितलं, आणि दिव्याबद्दल बोलायला लागली.