दिवा बाजूला घे

आमच्या कोरियातल्या मोक्पो बंदरात म्हातारी माणसं आपल्या अंत्यविधीला ठेवायचा फोटो जिवंतपणीच काढून घेतात. त्यासाठी सगळे माझ्या शेजारणीकडे, मिह्यांगकडे येतात. तिचा स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली आणि दोन एलईडी दिवे.

बाजारातला फोटोवाला हिणवतो, "बाईला फ्लॅश परवडत नाही!"

मिह्यांग उलट सुनावते, "फ्लॅशला म्हातारे डोळे मिटतात. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो तुझा तू काढ!"

परवा मासेवाली बोकसून आजी सुनेला घेऊन आली. सून म्हणाली, "ताई, दोन्ही दिवे समोरून लावा. सुरकुत्या दिसायला नकोत."

"दिवे माझे, पण ठरवणार आजी," म्हणत मिह्यांगने दोन्ही दिवे समोर ठेवले आणि आजीच्या हातात आरसा दिला.

आजी भडकली. "ही कोण गुळगुळीत बया? चाळीस वर्षं खारा वारा खाल्लाय मी! नमस्काराला आलेली माणसं म्हणतील, चुकून दुसऱ्याच मयताला आलो!"

मिह्यांगने एक दिवा विझवला, दुसरा बाजूला सरकवला. एकेक सुरकुती उठून दिसली. आरशात बघत आजी ताठ बसली.

"आता काढ. आणि सूनबाई, माझ्या फोटोपुढे वाकशील ना, तेव्हा या आरशातल्या सुरकुतलेल्या बाईच्याच डोळ्यांत बघायचं!"