क्रेनची तोंडी परीक्षा

आमच्या ह्यांना सगळे क्रेन म्हणतात. लोकांची घरं रिकामी करून दुसऱ्या घरांत मांडून द्यायची, हा ह्यांचा बत्तीस वर्षांचा धंदा. कपाटं, पियानो, आजारी माणसांचे पलंग, सगळं ह्याच खांद्यांवरून जिने उतरलं. अशा माणसाने एकसष्टाव्या वर्षी कॉलेजात जाऊन लॅटिन शिकावं, याला माझी थोरली जाऊ शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणाली. मी तिच्याशी भांडले. मनातून मलाही तसंच वाटत होतं.

झालं असं की, कॉलेजच्या भाषा विभागाची पुस्तकं जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत न्यायचं काम ह्यांना मिळालं. तिथल्या लॅटिनच्या मॅडम खोक्यांच्या मागेमागे फिरत होत्या.

"ते आपटू नका हो, त्यात महाकाव्य आहे."

"काचेचं आहे का?" ह्यांनी विचारलं.

मॅडमनी तिथेच जिन्यात पुस्तक उघडून दहा ओळी म्हणून दाखवल्या. ह्यांना एक अक्षर कळलं नाही, पण घरी येऊन मला म्हणाले, "जड सामान घेऊन जिना चढताना पावलं पडतात ना, तशी चाल आहे बघ." त्याच आठवड्यात ह्यांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली. रिकामा नवरा घरात काय उच्छाद मांडतो ते ज्या बाईनं भोगलंय तिलाच ठाऊक. माझं स्वयंपाकघर दिवसातून दोनदा इकडचं तिकडे होऊ लागलं. त्यामुळे वर्गात एक विद्यार्थी कमी पडतोय, असा मॅडमचा निरोप आला तेव्हा मीच ह्यांना घराबाहेर काढलं.

वर्गात विशीतले पाच जण आणि सहावे हे. अभ्यास मात्र इमानेइतबारे केला. कागदांवर लॅटिन शब्द लिहून ते सामानाच्या चिकटपट्टीनं भिंतीला लावले. शब्द पाठ झाले की पट्टी निघे आणि तिच्याबरोबर भिंतीचा रंगही. वर्षाअखेरीस ह्यांचा एक सर्ग तयार झाला आणि आमची भिंत गेली.

पण खरी काळजी मॅडमची होती. कॉलेजनं त्यांना स्पष्ट कळवलं होतं, सहाच्या सहा पास झाले तर वर्ग चालू राहील, एक जरी नापास झाला तर वर्गाला कुलूप. वीस वर्षं त्या बाईंनी तो वर्ग लेकरासारखा सांभाळला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी ह्यांना बजावलं, "काका, अर्थ सांगा आणि गप्प बसा. मतं मांडू नका."

परीक्षेच्या दिवशी हे कमरेचा पट्टा घरीच विसरून गेले. तो घेऊन मी मागून कॉलेजात पोचले. पाचही जण पास होऊन बाहेर उभे होते. दार अर्धवट उघडं होतं, आत ह्यांची तोंडी चालली होती. परीक्षक दुसऱ्या कॉलेजातून आलेले, अगदी काडीपैलवान. कोपऱ्यात मॅडम जीव मुठीत धरून बसलेल्या.

उतारा असा होता. शहर जळतंय. नायक म्हाताऱ्या वडिलांना खांद्यावर घेतो, मुलाचा हात धरतो आणि बायकोला सांगतो, तू अंतर ठेवून मागून ये. बाहेर पोचल्यावर बघतो तर बायको नाही. ह्यांनी अर्थ अडखळत सांगितला, पण बरोबर सांगितला.

"यात नायकाचा कोणता गुण दिसतो?" परीक्षकांनी विचारलं.

पितृभक्ती. हे उत्तर मॅडमनी ह्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. भिंतीवरही होतं.

"गुण कसला, सर?" हे म्हणाले. "ह्या माणसाला घर रिकामं करता येत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मॅडमनी डोळेच मिटले.

"खांद्यावर माणूस घेतला की मान वळत नाही," हे पुढे म्हणाले. "मागे काय पडलं, कोण राहिलं, पत्ता लागत नाही. आणि हा शहाणा बायकोलाच मागे ठेवतो. वर म्हणतो, अंतर ठेव!"

"थोडी तरी वळत असेल," परीक्षक म्हणाले.

"बसा."

"कुठे?"

"खांद्यावर."

विद्वान माणसाला पुरावा दाखवतो म्हटलं की त्याचं भान सुटतं. परीक्षक खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून ह्यांच्या खांद्यांवर गेले. हे ताठ उभे राहिले.

"मॅडम, माझ्या मागे जाऊन बोटं दाखवा. दोन आहेत?"

"चार आहेत," परीक्षक वरून म्हणाले.

"तुम्हाला दिसणारच, सर. तुम्ही सामान आहात."

परीक्षक थबकले. "म्हणजे म्हाताऱ्याला मागचं दिसत होतं! अहो, तीस वर्षं शिकवतोय मी हे."

त्यांना उतरवायला हे वाकायला गेले आणि कंबरेनं दगा दिला. मी धावत आत गेले, मागून पट्टा घालून आवळायला लागले. ह्यांना वाटलं शिपाई असेल. परीक्षकांना मात्र वर बसल्याचीही शुद्ध नव्हती.

"शेवटचा प्रश्न. त्याच्या जागी तुम्ही असता तर?"

"बाबांना सांगितलं असतं, बसा, दुसऱ्या फेरीत नेतो," हे कण्हत म्हणाले. "ज्याच्यावाचून नवं घर उभंच राहत नाही, ते पहिल्या फेरीत न्यायचं असतं, सर. आधी बायको."

"हे त्यांना सांगितलंय कधी?"

"छे! तोंडावर सांगितलं तर डोक्यावर बसेल."

चौतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. मला रडू आवरेना. परीक्षक वरून माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, लिहून घ्या," ते म्हणाले. "पास."

मॅडमनी ते दोनदा लिहिलं. माझ्या हातून पट्टा जरा जास्तच आवळला गेला.

"अरे, हळू! मागे कोण आहे?" हे ओरडले.

"मी आहे," मी म्हटलं. "हलू नका. आधी सरांना उतरू द्या."