जांभळ्या खोडाचं धान

काकाने आधी स्वतःचं धान मारलं आणि मग माझ्या बापावर कुऱ्हाड उगारली. हा क्रम मी कधी विसरत नाही.

आमचं गाव सावली तालुक्यात. वाटण्या झाल्या तेव्हा तलावाखालची बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, बाबांकडे आली आणि जंगलाला लागून असलेली वरची बरड जमीन काकाकडे गेली. बियाण्याची ढोली मात्र एकच राहिली. बांबूची, शेणाने लिंपलेली ती ढोली आमच्या पडवीत असते. पेरणीच्या आधी थोरल्याने तिचं तोंड फोडायचं आणि धाकट्याला ओंजळीने बियाणं काढून द्यायचं, ही आजोबांपासूनची रीत.

त्या वर्षी भादव्यात पाऊस गेला तो गेलाच. तलावाच्या पाण्यावर आमचं धान हिरवंगार होतं. काकाचं जेमतेम गुडघ्याला लागलं, लोंब्या पोटातच अडकल्या आणि खोडं बुडाशी जांभळी पडली. आमच्याकडे निंदताना जांभळं खोड दिसलं की रानधान समजून उपटून टाकतात. काकानेही तेच केलं. अख्खी बांधी दोन्ही हातांनी उपटली, पायांखाली तुडवली आणि डोक्यात राख घालून आमच्या अंगणात आला.

"मले रानधान देल्लं न भाऊ? चांगलं सोताले ठेवलं."

"एकाच ढोलीतलं होय रे. येडा झाला का?"

काकाने ऐकलंच नाही, हातातली कुऱ्हाड उगारली. बाबांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला. घाव हातावर बसला आणि तीन बोटं सारवलेल्या अंगणात पडली. काका पुन्हा उगारणार तोच शेजाऱ्यांनी त्याला खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. मीही लाथा घातल्या. आई तेवढी बोटं पदरात गोळा करत होती.

पोलीस काकाला घेऊन गेले. बाबा दवाखान्यातून आले ते एकच बोलायचे. "सुटला का बियाण्याले येईलच. तवा पाहून घेतो त्याले." रोज डाव्या हाताने लाकडं फोडायचे. ते कशाची सवय करताहेत हे घरात सगळ्यांना कळत होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण काकाचं रक्त मलाही बघायचं होतं.

मी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होते. काकाला खोटं पाडायचं म्हणून मी त्याच्या बांधीच्या कोपऱ्यात वाचलेला एक ठोंब मातीसकट खणून आणला, बादलीत लावला आणि पाणी देत राहिले. नवे फुटवे आले ते हिरवे. उशिरा का होईना लोंब्याही बाहेर पडल्या, आणि दाणा हुबेहूब आमच्याच धानाचा. बियाणं एकच असलं तरी पाणी तुटलं की रोपातली काही जनुकं जागी होतात, काही दबून बसतात. रंग चढवणारी जागी झाली होती, लोंबी काढणारी दबली होती.

"बाबा, त्याच्या बांधीत आपलंच धान होतं. पाण्याविना तसं झालं," मी सांगितलं.

"मंग? माही बोटं येतील का?" बाबा म्हणाले.

पेरणीच्या तोंडावर काका जामिनावर सुटला आणि खरंच पडवीत येऊन उभा राहिला. बाबांची कुऱ्हाड खांबाला टेकलेली होती. मी बादलीतल्या वाळलेल्या लोंब्या त्याच्या पुढ्यात फेकल्या.

"तुमच्या बांधीतल्या आहेत, काका. तुम्ही चांगलं धान उपटलं."

हे त्याला घावासारखं लागावं म्हणूनच मी बोलले. त्याने एक दाणा दातांखाली फोडला, चावला आणि लोंब्यांपाशी खाली बसला.

बाबा उठले. त्यांचा डावा हात कुऱ्हाडीकडे गेला. मी अडवायला जागची हललेही नाही. त्यांनी कुऱ्हाड उचलली, काकाकडे बघितलं आणि पात्याने ढोलीच्या तोंडावरचं वाळलेलं शेण फोडलं. मग कुऱ्हाड खाली टाकून दोन्ही हात आत घातले. ओंजळ भरून बाहेर आली, पण बोटं नव्हती तिथून धान गळायला लागलं.

"खाली हात धर ना," बाबा काकाला म्हणाले. "सांडून राह्यलं."

काकाने दोन्ही हात खाली धरले. मी आत निघून गेले. बाबांच्या हातांखाली त्याचे हात मला बघवत नव्हते.