मानेवरच्या तिळाचं माप

गल्लीत त्यांना सगळे नाकतोडे म्हणतात. आडनाव वगैरे काही नाही, पडलेलं नाव आहे. एकदा भल्या सकाळी बागेत फिरायला आलेल्या एका शेजारणीला हे गवतात पालथे पडलेले दिसले. बिचारी घाबरली. "अहो, काय झालं? चक्कर आली का?" म्हणत धावत गेली, तर या महाशयांनी मानसुद्धा न वळवता कुजबुजून सांगितलं, "श्श! नाकतोडा बसलाय." झालं! दुपारपर्यंत नाव गल्लीभर झालं आणि आजतागायत चिकटून बसलंय.

त्या तिळाची गोष्ट नाकतोडे आता चहा पिताना हसत हसत सांगतात. पण ते चार दिवस त्यांच्या जिवाचं कसं पाणी पाणी झालं होतं, ते त्यांनाच माहीत.

धंदा त्यांचा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेऊन पाठवायचे. नाकतोडे मागच्या खोलीत बसून त्यात प्लॅस्टर ओतायचे, मेण लावायचे, एकेक दात बसवायचे, घासून चकचकीत करायचे. बत्तीस वर्षं हेच. "केसाएवढा फरक पडला ना, तर माणूस घासाला रडतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. कुणी नमस्कार केला की हे ओळख न पटल्यासारखे बघत बसायचे, आणि तो हसला की म्हणायचे, "अरे, तुम्ही होय!"

कॅमेरा मुलीचा. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना ती तो कपाटात टाकून गेली. एका रविवारी यांनी उगाच बाहेर काढला, खिडकीतल्या कुंडीवर धरला, आणि पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या पाण्याच्या थेंबात त्यांना मागचं जास्वंदीचं फूल अख्खंच्या अख्खं, उलटं लटकलेलं दिसलं. मग काय, संपलंच! मुलीनं फोनवर बापाचा उत्साह ऐकला आणि एक कडी पाठवून दिली. कॅमेरा आणि त्याचं भिंग यांच्या मधे बसवायची पोकळ कडी. आत काच नाही, काही नाही. नुसती हवा. पण ती बसवली की मुंगीच्या पायावरची लव दिसते, आणि कडी जितकी जाड तितकं सगळं मोठं दिसतं.

तेव्हापासून रोज पहाटे उजाडलं की स्वारी बागेत. थंडीनं किडे गारठलेले असतात, ऊन अंगावर येईपर्यंत उडत नाहीत, तेवढीच काय ती वेळ. त्यातही वारा सुटला की खेळ खलास, कारण गवताचं पातं बोटभर हललं तरी आभाळ कोसळल्यासारखं सगळं इकडचं तिकडे होतं. किड्याचा डोळा स्पष्ट आला तर मिशा धूसर, मिशा आल्या तर डोळा गेला. मग श्वास रोखायचा आणि सगळं अंगच तीळ तीळ पुढं-मागं करायचं.

बायकोचं घरातच शिवणकाम. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला हँगरवर लोकांचे कपडे, गळ्यात सदान्‌कदा टेप. झोपताना तेवढी काढून ठेवायची, तीही उशाशी. तोंडानं ती नवऱ्याच्या नादाला "किडेगिरी" म्हणायची, पण त्याच्या पँटच्या गुडघ्यांवर आतून जाड अस्तर तिनंच लावलं होतं. फ्लॅशचा उजेड दवावर टोचू नये म्हणून त्याला पांढऱ्या कापडाची टोपीही तिनंच शिवली होती. टोपी घालून दिल्यावर म्हणाली, "मुंग्यांची बाळंतपणंही मलाच करायला लावा आता."

तर, ऐन थंडीत आठवडाभर असा काही वारा सुटला की बागेत जाणं फुकट. नाकतोडे घरात पिंजऱ्यातल्यासारखे येरझारा घालायला लागले. साखरेचा दाणा झाला, काडीपेटीची काडी झाली, टॉवेलचे धागे झाले. शेवटी नजर गेली मशीनवर वाकलेल्या बायकोच्या मानेकडे. केसांचा अंबाडा वर बांधलेला, आणि त्याच्या खाली, मणक्याच्या जरा डावीकडे, एक काळा तीळ.

"जरा तशीच बस," ते म्हणाले.

"काय आहे? माशी?"

"तुझा तीळ काढतो. आणि ती टेप काढ बाई गळ्यातली, फ्रेम बिघडते."

"मला तीळ आहे मानेवर?" तिनं टेप काढून मांडीवर ठेवली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि तिला पत्ता नव्हता. असणार तरी कसा? स्वतःची मान कुणाला दिसते! नाकतोड्यांनाच तेवढा तो माहीत होता. त्यांनी फोटो काढला, "छान आलाय" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर विसरूनही गेले.

मग उन्हाळ्यात त्यांचा वाढदिवस आला. मुलीनं दुसरी कडी पाठवली, पहिलीच्या निम्म्या जाडीची. यांनी दोन्ही एकापुढे एक बसवल्या. माशीचे डोळे जाळीदार दिसायला लागले. हे इतके खूश झाले की ती दुसरी कडी त्यांनी पुन्हा काढलीच नाही. कॅमेरा जन्माला येतानाच ती घेऊन आला होता, असं त्यांना वाटायला लागलं.

आणि एका रविवारी बायको न्हाऊन, केस वर गुंडाळून अंगणात कपडे वाळत घालत होती. तिच्या मानेवरून एक थेंब ओघळला आणि त्या तिळाच्या शेजारी येऊन थांबला. सकाळचं तिरपं ऊन. थेंबात अख्खं अंगण.

"हलू नकोस!" नाकतोडे ओरडले.

"अहो, लोक बघतायत!"

"बघू देत. श्वास घेऊ नकोस."

फोटो झकास आला. संध्याकाळी तो संगणकावर उघडून ते स्वतःवरच खूश होऊन बसले. मग आठवण झाली की थंडीतलाही एक आहे. तो शोधून त्यांनी शेजारी लावला, आणि खुर्ची ओढून पडद्याला नाक लावलं.

तीळ वाढला होता. थोडाथोडका नाही, चांगला दीडपट. कडाही सरळ नव्हत्या, खाल्ल्यासारख्या, दातेरी. वाढणारे तीळ, कडा बदलणारे तीळ, असलं काहीबाही त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, ते सगळं एकदम डोक्यात गोळा झालं. मन चिंती ते वैरी न चिंती! पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता, ती गुणगुणत होती, आणि हा माणूस पडद्यासमोर हातपाय गाळून बसला होता.

सांगावं कसं? तिला तर तो तीळ दिसतही नाही. तिच्या वतीनं तो बघणारा जगात एकच माणूस, आणि त्यानंच पाच महिने बघितलं नाही. रोज पहाटे उठून कोळ्याचे पाय मोजत बसला. नाकतोड्यांनी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्या त्यांनी आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

सोमवारी पहाटे ते बागेत गेले नाहीत. तिनं विचारलं तर म्हणाले, "वारा आहे." बाहेर पान हलत नव्हतं. मंगळवारी त्यांनी न सांगता भांडी घासली. आता अठ्ठावीस वर्षांत ज्यानं कपसुद्धा विसळला नाही, तो माणूस भांडी घासायला लागला तर बायकोला संशय येणार नाही तर काय! त्यात हे सारखे तिच्या मागे जाऊन उभे राहायचे. ती वळली की छताकडे बघायचे.

"काय हो, काय शोधताय माझ्या मागे?"

"कुठं काय."

बुधवारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "अहो, तुमच्याकडून असं? डावा सुळा उजवीकडे बसवलाय." नाकतोड्यांनी "पाठवून द्या" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मग दार लावून घेऊन त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांची गुरुवार सकाळची वेळ घेतली. बायकोला काय सांगायचं, ते काही सुचत नव्हतं.

पण ते सांगायची वेळच आली नाही. संध्याकाळी एका गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून तिनं कोटाचा एक नमुना संगणकावर शोधायला घेतला, आणि समोर हे दोन फोटो. शेजारी शेजारी. नाकतोडे हातात प्लॅस्टर घेऊन बाहेर आले तेव्हा ती खुर्चीत बसली होती. गिऱ्हाईक केव्हाच गेलं होतं.

"ही माझी मान?" तिनं विचारलं.

नाकतोड्यांचा बांधच फुटला. तीळ, वाढ, कडा, उद्याची वेळ, सगळं एका दमात सांगून टाकलं. "मी बघायला हवं होतं गं. मीच बघू शकत होतो. चुकलं माझं," म्हणताना त्यांच्या प्लॅस्टर लागलेल्या हातातून पांढरे थेंब फरशीवर पडत होते.

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, नाही असं नाही. हात मानेकडे गेला. बोटांनी तिनं तो तीळ चाचपला. मग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली. बगलेत कापड कमी पडलंय असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघताना येते, ती.

तिनं गळ्यातली टेप काढली आणि सरळ पडद्याला लावली.

"हा थंडीतला. चार सेंटीमीटर. हा आत्ताचा. सहा."

"तेच तर म्हणतोय मी!"

"थांबा हो. हे काय आहे बाजूला? पांढरं?"

"तो वण. लहानपणी कांजिण्या आल्या असतील तुला."

"हं. तिळापासून वणापर्यंत इथं बारा." टेप दुसऱ्या फोटोवर गेली. "इथं अठरा." ती वळली. "तीळ दीडपट झाला, मान्य. मग हे अंतर कसं दीडपट झालं? माझी मान वाढली का हो? कॉलरी सगळ्या उसवायला काढू का?"

नाकतोडे पडद्याजवळ सरकले.

"आणि हा केस बघा, सुतळीएवढा जाड झालाय. एवढा जाड केस असता तर मी अंबाड्याला रडले असते का?" तिचा आवाज आता चढायला लागला होता. "आमच्यात शिकाऊ पोरीलाही पहिल्या दिवशी सांगतात, माप दोनदा घ्यायचं असेल तर टेप तीच पाहिजे. तुम्ही कशानं मोजलंत?"

आणि तेव्हा, देवा, तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. कडी! थंडीत एक होती. उन्हाळ्यापासून दोन. ज्या दुसऱ्या कडीनं माशी मोठी झाली, गवत मोठं झालं, थेंब मोठा झाला, तिनं तीळ तेवढा आहे तसा ठेवला असता का? केसाएवढ्या फरकाची भाषणं ठोकणाऱ्या माणसानं बायकोला दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलं होतं.

त्यांनी धावत जाऊन कॅमेरा आणला, दुसरी कडी पिळून काढली, तिला पाठमोरी बसवलं आणि फोटो घेतला. घाईत दोनदा हलला, तिसऱ्या खेपेला कुठं नीट आला. पडद्यावर लावला. तिनं टेप धरली.

"चार," ती म्हणाली. "आणि बारा."

नाकतोडे मटकन फरशीवर बसले. हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि प्लॅस्टरच्या हातानं डोळे पुसल्यामुळे भुतासारखे दिसायला लागले. तीही खाली बसली. "मूर्ख," ती म्हणाली, "अगदी मूर्ख माणूस आहात," आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून तिनंही मनसोक्त रडून घेतलं.

तरी गुरुवारी दोघं डॉक्टरांकडे गेली. घेतलेली वेळ कशाला वाया घालवायची, असं ती म्हणाली. यांना मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी दिव्याचं लहानसं भिंग मानेला टेकवलं, नीट पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि म्हणाल्या, "साधा तीळ आहे. जा घरी खुशाल." नाकतोड्यांचा जीव भांड्यात पडला तो तिथं. त्यांनी दातेरी कडांबद्दल विचारलं तेव्हा बाई हसल्या. "इतक्या जवळून बघितलं तर माझ्या गालाच्याही कडा तशाच दिसतील. पण लक्ष ठेवायची सवय चांगली आहे. वर्षाला एक फोटो काढत जा. फक्त शेजारी मोजपट्टी ठेवा."

"ऐकलंत?" बायको म्हणाली.

परत येताना रस्त्यात ती एकदम म्हणाली, "चार दिवस तुम्ही माझ्या मागे उभे राहून काय काय बघितलंत हो?"

नाकतोडे जरा लाजले. "कानामागे दोन केस पांढरे झालेत. अंबाड्याची पिन तू नेहमी उजवीकडून खुपसतेस. आणि टेप घासून घासून मानेवर एक फिकट रेघ पडली आहे, तिळाच्या जरा खालून जाते." मग ते म्हणाले, "फार भ्यायलो होतो गं मी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "भांडी कुणी घासली असती नाहीतर."

शुक्रवारी पहाटे ती स्वतःच खिडकीजवळ स्टूल ओढून पाठमोरी बसली. वर्षाचा फोटो आजच काढून टाका म्हणाली, आणि एक मला मोठा करून द्या, बघू तरी मी कशी दिसते मागून. नाकतोड्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. एकच कडी. कागदावर तारीख लिहून झाली होती, कड्यांचा आकडाही. श्वास रोखून ते पुढं झुकले.

"थांबा," म्हणत तिनं सवयीनं गळ्यातल्या टेपला हात घातला. "ही काढते. फ्रेम बिघडते ना तुमची."

"नको, नको," नाकतोडे घाईघाईनं म्हणाले. "राहू दे ती गळ्यात."