शिंप्याचे घोडे

"माझी साठ माणसं तू मारलीस, आणि वर चहा मागतोस?"

मी डबा घेऊन जिन्यात उभी होते. वर शिंपी ओरडत होता, आणि माझा धाकटा दीर शांतपणे म्हणत होता, "साखर कमी घाल." वर जाऊन पाहते, तर मेलेले साठही शिशाचे, बोटाएवढे, निळ्या कोटातले.

भावजी घड्याळं दुरुस्त करायचे. लग्नाच्या फंदात पडले नाहीत, पण दर रविवारी शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर नेपोलियनच्या काळातली लढाई लढायचे. टेबलावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं सारून केलेल्या टेकड्या. निळं सैन्य शिंप्याचं, लाल भावजींचं. फासे टाकायचे, मोजून पुढे सरकायचं. पायदळ सहा इंच, घोडे दहा. एकेक लढाई दोन-दोन महिने चाले, म्हणून मांडलेलं सगळं तसंच राही.

त्या दिवशीचं भांडण घोड्यांवरून होतं. शिंप्याने आपल्या घोड्यांच्या खुरांभोवती खडूने खूण केली होती आणि रविवारी घोडे खुणेच्या इंचभर पुढे. मधल्या दिवसांत माळ्यावर जाणारे एकटे भावजी, तेही शनिवारी, भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला.

"नेऊन तुझ्या तोफांच्या तोंडी दिलेस ना, लबाडा?" शिंपी म्हणाला.

भावजी सावकाश चहा प्यायले.

माझी शाळा दुसरीपर्यंतची, पण इंच मला कळतात. पुढच्या आठवड्यात बाहीचं माप द्यायला गेले तेव्हा पाहिलं, शिंप्याच्या टेपचं पितळी टोक पहिल्या इंचासकट तुटलेलं. माप घेताना तो पुटपुटे, "अठरा, म्हणजे सतरा." कपड्यात तो हा एक कधी विसरला नाही. लढाईत पायदळाला सहा इंची काडी होती, घोडे तो याच टेपने मोजे; पण फासे हातात आले की गडी असा चेकाळे, की वजाबाकी राहूनच जाई. दहा इंच म्हणून घोडे नऊच इंच जात.

घरी येऊन भावजींना धरलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अकरा वर्षं झाली, वहिनी."

"आणि बोलला नाहीत?"

"पहिली दोन वर्षं जिंकायला मजा आली. मग लाज वाटायला लागली. पण शिंप्याला तोंडावर कसं सांगू, तुझं माप चुकतं म्हणून? हाय खाईल तो. त्यापेक्षा मी लबाड बरा."

"म्हणजे शनिवारी तुम्ही..."

"त्याचा राहिलेला इंच त्याला देऊन येतो. तरी हरतो, त्याला मी काय करू?"

ते गेले त्याच्या आदल्या शनिवारी डॉक्टरांनी जिना बंद केला होता. "मग चावी काय डॉक्टर देणार?" म्हणत निघाले. मी मागे. चौदा पायऱ्यांना तीनदा बसले. घड्याळाला चावी दिली, डोळ्याला भिंग लावलं, पोलादी पट्टीने मोजून एकेक घोडा इंचभर पुढे घेतला. मग अंगठा ओला करून जुनी खूण पुसली आणि शिंप्याच्याच खडूने नवी काढली, त्याच्यासारखीच जरा तिरकी. भांडणानंतर घेतलेली ही खबरदारी. समोरच्या आपल्या तोफांकडे पाहून म्हणाले, "आता मेले बिचारे."

खाली शिंपी मशीनवर होता. मान वर न करता त्याने विचारलं, "घोड्यांना हात लावला नाहीस ना?"

"छे," भावजी म्हणाले, आणि माझ्या हाताला धरून दुकानाची पायरी उतरले.