दारात थांबलेला मेल

कॉम्प्युटरवर कुठलंही महत्त्वाचं बटण दाबण्याआधी वहीदभाई खुर्ची मागे सरकवायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि पडद्याकडे नुसते बघत बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला काही येत नाही आणि आता हा मनातल्या मनात दुवा मागतोय. लातूरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते आणि माझा मेल उघडत नव्हता. ‘‘जरा दम धरा मॅडम, बघून राहिलो,’’ ते म्हणाले. मग पुढे सरकून त्यांनी काहीतरी बदललं आणि मेल उघडला.

वहीदभाई मूळ नांदेडचे. घरचं कापडाचं दुकान भावांनी सांभाळलं, हे कॉम्प्युटरकडे वळले आणि आमच्या क्लासचे सगळे कॉम्प्युटर सांभाळायचे. आमच्या क्लासच्या नांदेड आणि अहमदपूरलाही शाखा निघाल्या, तसा जुना मेल-सर्व्हर रडायला लागला. सकाळी पाठवलेली प्रश्नपत्रिका नांदेडला दुपारी पोचायची. मेलची पेटी भरली की येणारे मेल आल्या पावली परत जायचे. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत वहीदभाईंनी नवीन सर्व्हर बसवला आणि सुट्टी संपल्यावर आम्हा सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं.

त्या दिवशी त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. एकेक सोय ते गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडावं तशी मांडत होते. ‘‘हे बघा, पेटी लई मोठी झाली, जुनं काही पुसू नका. हे बघा, मेल आता मोबाइलवर. हे सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर, कोण कधी रिकामा ते दिसतंय. आणि ही खास चीज. पालकांना एकगठ्ठा मेल पाठवला की तो लगेच जाणार न्हाई. थोडा वेळ दारात थांबेल. तवर पाठवणाऱ्याला तो परत घेता येईल.’’

‘‘मग नवीन सर्व्हर फास्ट कसला?’’ केमिस्ट्रीच्या बिराजदार सरांनी विचारलं.

‘‘फास्ट हाय की. म्हणून तर थांबवावं लागतंय!’’

या बिराजदार सरांनीच पहिला मार खाल्ला. त्यांनी मोबाइलवर मोठ्या हौसेनं नोंद केली, ‘रविवार, अहमदपूर, मुलगी पाहणे.’ ती गेली सगळ्यांच्या कॅलेंडरवर. रविवार उजाडण्याआधीच नांदेडच्या शाखेतून शुभेच्छा आल्या. अहमदपूरच्या शाखेनं कळवलं की शाखा एसटी स्टँडच्या मागेच आहे, आधी इथे या, आम्हीही येतो सोबत. सर तणतणत वहीदभाईंकडे गेले.

‘‘मी काय केलं सर? तिथं ‘खाजगी’ असं लिहिलंय, त्यावर टिचकी मारायची राहिली तुमची.’’ त्यांनी ती मारून दिली आणि हळूच म्हणाले, ‘‘पण मुलगी कशी हाय ते सांगा बरं का. आता सगळे वाट बघून राहिलेत.’’ लग्न जमलं. लग्नाची तारीख सरांनी त्याच कॅलेंडरवर टाकली, या वेळी मुद्दाम, सगळ्यांना दिसेल अशी.

आमच्या क्लासच्या मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. स्वतः फिजिक्स शिकवायचे, माणूस मनाचा मोठा, पण डोकं भयंकर तापट. एका सराव परीक्षेत, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणाऱ्या मुलांची बॅच पार कोसळली. निकाल बघून साहेब केबिनमध्ये गेले आणि दार आपटलं. मी तेव्हा वहीदभाईंच्या शेजारीच उभी होते. थोड्या वेळानं त्यांच्या पडद्यावर दारात थांबलेला मेल दिसला. त्या बॅचच्या सगळ्या पालकांना साहेबांनी लिहिलं होतं, की आपल्या पाल्याची डॉक्टर होण्याची कुवत नाही, उगाच जागा अडवण्यापेक्षा त्याला घरी घेऊन जा.

वहीदभाईंनी खुर्ची मागे सरकवली. माझ्या डोळ्यांपुढे त्याच बॅचमधली बिलोलीची सुरेखा आली. परीक्षेपासून ती हॉस्टेलवर धड जेवतही नव्हती.

‘‘चला मॅडम,’’ वहीदभाई उठत म्हणाले. ‘‘तुम्ही बी चला. एकट्यानं जायला भीती वाटून राहिली.’’

केबिनमध्ये त्यांनी सरळच सांगितलं, ‘‘साहेब, तुमचा मेल अजून गेला न्हाई.’’

‘‘का? बंद पडलं का तुमचं नवीन यंत्र?’’

‘‘न्हाई. थोड्या वेळात जाईल. त्याच्या आधी एक अर्ज हाय. ह्यातल्या निम्म्या बापांची मेलची खाती मीच उघडून दिलीत, ॲडमिशनच्या टायमाला. ते स्वतः वाचत न्हाईत साहेब. सुरेखाचा बाप बिलोलीत शिलाई करतो, तो शेजारच्या मोबाइलवाल्याकडून वाचून घेतो. तुमचं हे बोलणं बापाच्या आधी सगळा बाजार ऐकणार. पोरगी परत कोणत्या तोंडानं घरी जाईल?’’

‘‘माझा मेल वाचायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?’’ साहेब उभेच राहिले.

वहीदभाईंचा चेहरा उतरला. पण ते हलले नाहीत. ‘‘चुकलो असेन. बटण तुमच्याकडंच हाय. तुम्हाला वाटलं तर जाऊ द्या.’’

साहेब खाली बसले. मेल पुन्हा वाचायला लागले, आणि मध्येच थांबले. मग तो रद्द केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘मॅडम, पालकांना एकेक करून फोन लावा. भेटायला बोलवा.’’ आणि वहीदभाईंना म्हणाले, ‘‘यापुढे माझा कुठलाही मेल थांबता कामा नये.’’

‘‘हाव साहेब.’’ वहीदभाईंनी बाहेर येऊन ती सोय साहेबांपुरती काढून टाकली.

चहा घेताना मी विचारलं, इतकी हिंमत कुठून आणली? तेव्हा त्यांनी भूकंपाच्या वेळची गोष्ट सांगितली. कॉलेज संपवून ते लातुरात मामूंच्या एसटीडी बूथवर बसायचे. किल्लारीकडचे लोक रांगा लावून, रडत, नातेवाइकांना फोन करायला यायचे. ‘‘मामू त्यांना एकदम आत सोडायचे न्हाईत. आधी बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे. लोक चिडायचे. पण तिकडं फोन उचलणारी कुणाची तरी म्हातारी आई असायची ना.’’

पुढच्या आठवड्यात सुरेखाचे वडील आले. हॉस्टेलच्या पायरीवर लेकीजवळ बराच वेळ बसले. ती पुढे डॉक्टर झाली नाही, नर्सिंगला गेली, आणि आता नांदेडच्या एका दवाखान्यात ठसक्यात काम करते.

साहेब मात्र वहीदभाईंशी बोलेनात. वहीदभाई मुकाट कामं करत राहिले. मग एक दिवस साहेब स्वतःच त्यांच्या टेबलाशी आले. ‘‘वहीद, ते थांबायचं माझ्या मेलला परत लावा.’’

‘‘लावतो. कधीपासून साहेब?’’

‘‘लगेच. आत्ताच एक लिहिलाय.’’

आम्ही सगळे हसलो. साहेबही हसले.

काही वर्षांनी आई थकली म्हणून वहीदभाई कायमचे नांदेडला परत गेले. सर्व्हरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे आली. निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, ‘‘अडलं तर मेल करीन.’’

‘‘मेल नका करू मॅडम. फोन करा.’’

तीन दिवसांनी मी फोन केला. त्यांनी घाईनं विचारलं, ‘‘काय बंद पडलं?’’

‘‘काहीच नाही. सगळं नीट चाललंय.’’

पलीकडून खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

‘‘मग बोला की,’’ वहीदभाई म्हणाले. ‘‘फुरसतीनं बोला.’’